बुडबुडा आला तर पाणी फेकून द्या

1995 साली कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराच्या विहिरींत एमटीबीई नावाचं रसायन सापडलं. पेट्रोल नीट जळावं म्हणून ते त्यात मिसळत. पुढच्याच वर्षी शहराला पिण्याच्या पाण्याच्या जवळजवळ निम्म्या पुरवठ्यावर पाणी सोडावं लागलं. हे रसायन आलं होतं पेट्रोल पंपांखाली पुरलेल्या टाक्यांतून आणि नळांतून, कोणाच्या लक्षातही न येता.

जमिनीच्या पोटातली अशी गळती शोधायची कशी? आधी एक यंत्र पोकळ पोलादी नळी जमिनीत ठोकत नेतं. आतलं पारदर्शक प्लास्टिकचं अस्तर बाहेर काढून उभं चिरलं, की मातीचे थर जसेच्या तसे समोर येतात. तपकिरी माती मध्येच करडी-हिरवट झाली असेल तर अनुभवी माणूस तिथेच थांबतो. चिमूटभर माती पिशवीत बंद करून आतली हवा एका छोट्या यंत्राला हुंगायला देतात. यंत्रातल्या अतिनील दिव्याच्या प्रकाशात पेट्रोलमधल्या बेन्झीनसारख्या रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि काटा हलतो.

पाण्यासाठी मात्र निरीक्षण विहिरी लागतात, आणि त्याही किमान तीन. तीन बिंदूंवरून एक प्रतल ठरतं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. तिन्ही विहिरींतली पाण्याची पातळी मिलिमीटरच्या हिशेबात मोजली, की त्या प्रतलाचा उतार कळतो आणि भूजल साधारण कोणत्या दिशेला वाहतंय तेही. दिवसाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकणारा, कोणालाच न दिसणारा प्रवाह, आणि त्याची दिशा तीन आकड्यांत सापडते! मला हे फार सुंदर वाटतं.

मग येते चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी. पाणी तिच्या तोंडावर फुगून येईपर्यंत हळूच भरायचं, झाकण लावायचं, कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारायची. एक बुडबुडा जरी वर चढताना दिसला तरी ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्यानं भरायचं, कारण बेन्झीन पाण्यातून निसटून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. एवढा काटेकोरपणा कशासाठी? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची मर्यादा आहे अब्जात पाच भाग. म्हणजे एक ग्रॅम बेन्झीन दोन लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर, आणि विष एक ग्रॅम.

पण मला सगळ्यात थक्क करते ती दुसरीच तपासणी. तज्ज्ञ पाण्यात काय आहे तेवढंच बघत नाहीत, काय नाहीसं झालंय तेही बघतात. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मातीतलं गंजरूपी लोह, मग सल्फेट. अगदी शेवटी तयार होतो मिथेन. लोहाचा गंज असा खर्ची पडतो म्हणून तर माती करडी होते! पाण्यात ऑक्सिजन कुठे नाही आणि विरघळलेलं लोह कुठे वाढलंय, यावरून जिवाणूंची पंगत कुठवर पोचली ते कळतं. बहुतेक गळत्यांमध्ये बेन्झीन उगमापासून शे-दीडशे मीटरांपलीकडे जात नाही, त्याचं मोठं श्रेय या जिवाणूंना आहे.

एमटीबीईची गोष्ट वेगळी. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणूही ते सावकाशच खातात. त्यामुळे ते पाण्याबरोबर पार विहिरींपर्यंत चालत गेलं. सँटा मोनिकाच्या त्या विहिरींचं पाणी कोळशाच्या गाळण्यांतून शुद्ध होऊन पुन्हा घरोघरच्या नळांना यायला जवळजवळ दीड दशक लागलं.