आयरिश भाषेच्या दैनंदिन वापराविषयीचा वाद

आयरिश ही आयर्लंडची राष्ट्रभाषा व प्रथम अधिकृत भाषा आहे. मात्र देशातील बहुसंख्य लोकांचा रोजचा व्यवहार इंग्रजीतून चालतो. राज्यघटनेने दिलेला मान आणि घरात, बाजारात होणारा प्रत्यक्ष वापर यांतील अंतर हा या वादाचा मूळ विषय आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी आयर्लंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः पश्चिमेकडे, आयरिश मोठ्या प्रमाणावर बोलली जात असे. न्यायालये, व्यापार आणि १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळा यांची भाषा मात्र इंग्रजी होती. १८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले व जवळपास तितक्याच लोकांनी देश सोडला. आयरिशभाषक पश्चिम भागाला त्याची झळ अधिक बसली. परदेशी पोट भरायचे तर इंग्रजी हवी, या जाणिवेने अनेक पालक मुलांशी इंग्रजीतच बोलू लागले. भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३ मध्ये डग्लस हाइड, ओइन मॅक्नील व इतरांनी ‘गेलिक लीग’ ही संस्था स्थापन केली. हाइड १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

जाणणारे आणि बोलणारे

२०२२ च्या जनगणनेत तीन वर्षे व त्यांवरील वयाच्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे ४० टक्के लोकांनी, आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. शिक्षणक्षेत्राबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. वादातील दोन्ही बाजू याच आकड्यांचा आधार घेतात. एका बाजूला त्यांत भाषेविषयीची व्यापक आपुलकी दिसते, तर दुसरीला शालेय धोरणाचे अपयश.

शालेय सक्ती

१९२२ मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन झाल्यावर शाळांत आयरिश सक्तीची झाली. १९७३ पर्यंत या विषयात अनुत्तीर्ण होणाऱ्यास शालान्त प्रमाणपत्रच मिळत नसे. सरकारी नोकरीसाठीची अटही १९७४ मध्ये शिथिल झाली. सक्तीमुळे भाषेविषयी अप्रीती वाढते, असे विरोधकांचे म्हणणे आहे. सक्ती काढल्यास ती मोजक्या कुटुंबांपुरती उरेल, अशी समर्थकांना भीती वाटते. आयरिश माध्यमाच्या शाळा हा तिसरा मार्ग ठरला. इंग्रजीभाषक शहरांतही पालकांच्या पुढाकाराने अशा शाळा उभ्या राहिल्या. तरीही शाळा सुटल्यावर मुले आपसांत कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न उरतोच.

प्रशासन

२००३ च्या अधिकृत भाषा कायद्याने सरकारी सेवा आयरिशमधून देण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर टाकली. २०३० अखेरपर्यंत सार्वजनिक सेवेतील नव्या भरतीपैकी २० टक्के उमेदवार आयरिश जाणणारे असावेत, असे उद्दिष्ट २०२१ च्या दुरुस्तीने ठरवले. फारसे कोणी न वाचणाऱ्या अहवालांच्या भाषांतरावर पैसा खर्च होतो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. सरकारी कार्यालयात गेल्यावर नागरिकाला इंग्रजीकडे वळावे लागत असेल तर अधिकृत दर्जा नावापुरताच राहतो, असे समर्थक सांगतात.

गेल्टाख्त प्रदेश

आयरिश ही पारंपरिक लोकभाषा असलेल्या, शासनाने निश्चित केलेल्या प्रदेशांना ‘गेल्टाख्त’ म्हणतात. डोनेगॉल, मेयो, गॉलवे आणि केरी या परगण्यांत त्यांचा मोठा भाग आहे. रोजगारासाठी तरुणांचे स्थलांतर, घरांची टंचाई आणि इंग्रजीभाषकांचे आगमन यांमुळे तेथेही आयरिशचा वापर घटत आहे. म्हणूनच येथे भाषेचा प्रश्न घर व नोकरी यांच्याशी निगडित आहे.

केरीतील डिंगल या गावाच्या नावावरून झालेला वाद या संदर्भात उल्लेखनीय आहे. २००५ मध्ये सरकारी आदेशाने गेल्टाख्तमधील गावांची केवळ आयरिश नावे अधिकृत ठरली. डिंगल हे नाव पर्यटकांच्या परिचयाचे असल्याने गावकऱ्यांनी विरोध केला आणि २००६ च्या मतदानात दोन्ही भाषांतील नावांच्या बाजूने कौल दिला. २०११ मध्ये कायद्याने ‘डिंगल’ हे इंग्रजी नाव पुन्हा अधिकृत झाले.

सद्यःस्थिती

१ जानेवारी २००७ पासून आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, तर २०२२ च्या कायद्याने उत्तर आयर्लंडमध्येही तिला अधिकृत मान्यता मिळाली. युनेस्कोच्या वर्गीकरणात मात्र ती संकटग्रस्त भाषांमध्ये गणली जाते. कायदेशीर दर्जाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटल्याने आता चर्चेचा भर घरात मुलांशी आयरिश बोलणारी कुटुंबे कशी टिकतील आणि शाळेत शिकलेल्यांना ती बोलण्याची ठिकाणे कोठे मिळतील, यांवर आहे.