मुळशी : घाटमाथ्यावरचा सीमेचा तालुका

स्थान : पुणे जिल्ह्याची पश्चिम कड, सह्याद्रीची धार उतरली की रायगड जिल्हा.

मुख्यालय : पौड. तहसील कचेरी, पंचायत समिती इथेच.

भुकूम : पुणे-पौड रस्त्यावर, भूगाव आणि पिरंगुटच्या मधे; कारभार ग्रामपंचायतीकडे. विकास नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (स्थापना २०१५).

घाट : ताम्हिणी, पुढे माणगाव.

गड : कोरीगड, घनगड.

पाणी : मुळशी धरणाचं पाणी कोकणात उतरवून भिरा इथे १९२७ पासून वीजनिर्मिती.

लढा : धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा १९२१चा मुळशी सत्याग्रह, नेते सेनापती बापट.

आजची गरज : शहर भुकूमपर्यंत पोचलं, घाटमाथ्यावरच्या वाड्यांपर्यंत रस्ता, दवाखाना आणि एसटी तितक्याच हक्काने पोचायला हवी.