उदगीरच्या शिपायाचा हिंदुस्थान
ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी: शब्दार्थांविषयीचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात भाऊंनी परतूरहून उत्तरेचा रस्ता धरला आणि 14 जानेवारी 1761 ला पानिपत घडलं. समजा, उदगीरच्या लढाईत असलेल्या एका शिपायावर तुम्ही कादंबरी लिहिताय. किल्ल्याबाहेरच्या छावणीत तो सोबत्याला म्हणतो, ‘आपल्या हिंदुस्थानासाठी प्राण देऊ.’ आपल्या कानाला हे वाक्य अजिबात खटकत नाही, पण त्या काळचा मराठी शिपाई असं बोलला नसता. त्याच्या लेखी हिंदुस्थान म्हणजे बहुतेक वेळा नर्मदेपलीकडचा मुलूख. तो स्वतः राहायचा तो ‘देश’, ‘दक्षिण’. फौजा हिंदुस्थानात जायच्या आणि देशी परत यायच्या. हा शिपाई म्हणेल, ‘औंदा हिंदुस्थानात जावं लागणार म्हणतात,’ आणि त्या वाक्यात अभिमानापेक्षा घर लांब पडल्याची काळजी जास्त असेल.

एका शब्दाच्या अर्थाने पात्राचं मन बदललं. म्हणून हा विषय मला व्याकरणाचा वाटत नाही, इतिहासाच्या खरेपणाचा वाटतो.

गैरसमज: अवघड, जुने शब्द तपासून घेतले की काम झालं.

वस्तुस्थिती: अवघड शब्द लेखकाला फसवत नाही, कारण तो अडतो आणि कोश उघडायला लावतो. फसवतो तो रोजच्या ओळखीचा शब्द. ‘गर्दी’ घ्या. आज बाजारात गर्दी असते, बसस्थानकावर असते. पेशवाईतल्या कागदांत गर्दी म्हणजे दंगल, हाणामारी, धुमाकूळ. पानिपतावर भाऊंच्या फौजेची जी दाणादाण उडाली तिच्यावरून ‘भाऊगर्दी’ हा शब्द आला. आज आपण तो उमेदवारांच्या झुंबडीलाही सहज लावतो. ‘शिकस्त’ही असाच. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे पराकाष्ठा करतो. मूळ फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, पराभव. जुन्या पत्रात फौज शिकस्त झाली असं आलं तर ती जिवापाड लढली असं समजू नका, ती मोडली. या एका शब्दापायी लढाईचा निकालच उलटा लिहिला जाईल.

‘राजकारण’ हा शब्द तर प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीत असतोच. सतराव्या-अठराव्या शतकातल्या पत्रांत तो बहुतेकदा एखाद्या विशिष्ट मसलतीसाठी येतो: शत्रूच्या सरदाराशी आतून चाललेलं बोलणं, गुप्त संधान, डाव. ‘त्याला राजकारणात रस नाही’ हे वाक्य त्या काळच्या कोणाच्या तोंडी शोभणार नाही. ‘मजकूर’ म्हणजे आज लिखाण. जुन्या महजरात (निवाडापत्रात) ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर उल्लेख केलेलं गाव. पोलीस ठाण्याच्या कागदांत ‘मजकूर इसम’ अजूनही भेटतो, तो हाच जुना अर्थ.

आणि एक शब्द असा, की तिथे चूक होता कामा नये. पेशवेकालीन कागदांत ‘कुणबीण’ येते. आपण कुणब्याची बायको, शेतात राबणारी बाई असं समजून पुढे जातो. त्या कागदांत कुणबीण म्हणजे दासी, जिची खरेदी-विक्री व्हायची, जी एका घरातून दुसऱ्या घरात दिली जायची. हा अर्थ न कळता वाड्यातला प्रसंग रंगवला, तर एका गुलाम स्त्रीला आपण आनंदी मोलकरीण करून टाकतो. याला मी भाषेची चूक म्हणणार नाही. हा त्या बाईवर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

गैरसमज: काळ जातो तसा शब्दाचा अर्थ घसरत जातो.

वस्तुस्थिती: काही घसरतात, काही चढतात. शिवकाळात कारकून हा राज्याच्या कामावरचा जबाबदार माणूस होता, आज तो टेबलामागचा लिपिक. मुत्सद्दी मात्र उलट्या दिशेने गेला: मोगलांच्या कारभारात लिखापढी आणि हिशेब सांभाळणारा, आज मात्र परराष्ट्र धोरण ठरवणारा. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि त्यांत हवालदार गडाचा प्रमुख. औसा किंवा कंधारच्या किल्ल्यावरच्या कादंबरीत हवालदाराला दारावर काठी घेऊन उभं करू नका. शिलेदाराचंही तसंच. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा फरक पैशांचा होता, मानाचा होता. आज नेत्याच्या प्रत्येक निष्ठावंताला बातम्यांत शिलेदार म्हणतात, त्यामुळे हा फरक पार पुसला गेला आहे.

गैरसमज: फारसी-उर्दू शब्द मुसलमान पात्रांचे, मराठी पात्रांनी शुद्ध मराठीत बोलावं.

वस्तुस्थिती: सतराव्या शतकातली कारभाराची मराठी फारसीने भरलेली होती, म्हणून तर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला. राज्याभिषेकात पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ हे नाव मिळालं, तरी पुढच्या शतकात लोकांच्या तोंडी राहिला तो पेशवाच. तेव्हा फारसी गाळून पात्र मराठमोळं होत नाही. मात्र त्या शब्दाचा दख्खनी अर्थ कळला पाहिजे. हिंदी सिनेमामुळे ‘वतन’ म्हटलं की आपल्याला मायभूमी आठवते. इथल्या देशमुखाचं वतन म्हणजे पिढीजात हक्क, मान, उत्पन्न आणि त्यासोबतचं काम. तो ‘वतनासाठी मरेन’ म्हणाला तर त्याच्या डोळ्यांपुढे देश नसून देशमुखी आहे. भाऊबंदकीतले खून याच वतनापायी पडले.

इनामाबद्दल नांदेड-लातूरच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या मुलाला इनाम म्हणजे बक्षीस वाटेल. इथे इनामी जमीन, खिदमतमाश (चाकरीबद्दल दिलेली), मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) हे तहसीलमधले जिवंत शब्द आहेत आणि 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याचे खटले घराघरांना माहीत आहेत. मराठवाड्यातल्या लेखकाची ही जमेची बाजू आहे.

फारसी टाळून संस्कृत शब्द घातला की आपण सुरक्षित, असंही काहींना वाटतं. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं मानलं जातं. त्यांच्या ताम्रपटांत आज्ञा ज्यांना उद्देशून असते, त्या अधिकाऱ्यांच्या यादीत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट ही नावं येतात. तिथला राष्ट्रपती हा एका प्रांताचा अधिकारी आणि राष्ट्र हा राज्याचा एक भाग. राष्ट्रकूटांच्या कंधारच्या दरबारात ‘राष्ट्रासाठी’ शपथा घेणारा सेनापती दाखवला, तर तो विसाव्या शतकातून तिथे आलेला असतो.

गैरसमज: शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ.

वस्तुस्थिती: खरा अर्थ तो, जो त्या गावात, त्या वर्षी ऐकणाऱ्याला कळला. रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. पाकिस्तानात नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकांना आजही हा शब्द सरळ अर्थाने लावतात. बांगलादेशात 1971 पासून ती देशद्रोह्यासाठीची शिवी आहे. आणि आपल्याकडे? निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. 1947-48 मध्ये हा शब्द कानावर पडला की इथल्या गावांत माणसं पळून जात. त्या वर्षांतल्या आईच्या तोंडी ‘रझाकार’ घालताना मूळ अर्थाचा काही उपयोग नाही. उलट, संघटनेत नावनोंदणी करणाऱ्या तरुणाच्या कानात तो स्वयंसेवक असाच वाजत असणार. एकाच प्रसंगात दोन पात्रांना एका शब्दाचे दोन अर्थ ऐकू येतात, आणि कादंबरीकाराला यापेक्षा मोठं भांडवल कोणतं हवं?

नांदेडचा ‘खालसा’ तर मला या सगळ्यांत श्रीमंत वाटतो. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध. गुरु गोविंदसिंहांनी 1699 मध्ये आनंदपुरला खालसा पंथ स्थापला आणि 1708 मध्ये नांदेडला गोदाकाठी त्यांनी देह ठेवला. त्याच दिवसांत इथला एखादा कुलकर्णी ‘हा गाव खालसा’ असं लिहीत असेल, तर त्याचा अर्थ इतकाच: गाव कोणाच्या जहागिरीत नाही, महसूल थेट सरकारात जातो. 1848 मध्ये डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि मराठीत खालसा म्हणजे जप्त, संपवलेलं असा अर्थ रुळला. 1708 च्या नांदेडवर लिहिताना पहिले दोन अर्थ चालतील, तिसरा नाही.

‘तालीम’ही नांदेडच्या बाजारात दोन्ही अर्थांनी ऐकू येते. उर्दू बोलणाऱ्याला ती शिक्षण, मराठी बोलणाऱ्याला कुस्तीचा आखाडा.

गैरसमज: एक चांगला कोश जवळ असला की पुरे.

वस्तुस्थिती: कोशालाही काळ आणि मुलूख असतो. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, एकोणिसाव्या शतकासाठी त्याला तोड नाही. यादवकाळासाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा 1925 चा कोश. पण यांतले बहुतेक कोश पुण्या-मुंबईच्या बाजूने मराठीकडे पाहतात. निजामी राज्यात शब्दांची वाट निराळी होती. अवधमध्ये तालुकदार म्हणजे बडा जमीनदार, तर निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हे पाडल्यानंतर हैदराबाद राज्यात ‘अव्वल तालुकदार’ म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. 1880 च्या दशकात इथल्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली, म्हणजे 1870 चा कारकून आणि 1890 चा कारकून वेगळ्या भाषेत लिहिणार. रुपयासुद्धा एक नव्हता: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हुंड्याची बोलणी लिहिताना हाली की कलदार, हे न सांगता आकडा देता येत नाही. आणि 1940 मधलं लातूरचं पात्र ‘लातूर जिल्हा’ म्हणूच शकत नाही. तो जिल्हा 1982 चा, त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका.

या कामाला आपल्याकडे मोठे आदर्श आहेत. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागद मराठीत आणले. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना शिवचरित्रावर लिहिलेलं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. कादंबरीकाराने अभ्यासकाला विचारावं आणि अभ्यासकाने मन लावून उत्तर द्यावं, ही रीत इथलीच आहे.

निजामी मराठीचा बराचसा शब्दसाठा अजून घरोघरच्या ट्रंकांत आहे: सनदा, पावत्या, खासरा पत्रकं, मोडी आणि उर्दूत लिहिलेले व्यवहार. ते कागद रद्दीत देऊ नका. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या, त्यातले शब्द वर्षासह आणि गावासह टिपून ठेवा आणि जो लिहितो आहे त्याला द्या.