घसरगुंडीखाली काय आहे?

बागेत गेल्यावर आपण सहसा वर पाहतो. गुलमोहर फुलला आहे का, कारंजे चालू आहे का, पुतळ्याला नवा रंग दिला आहे का, यावरून बागेविषयीचे आपले मत ठरते. मला मात्र अलीकडे खाली पाहण्याची सवय लागली आहे. घसरगुंडी जिथे संपते आणि झोपाळा जिथे लोंबतो, तिथली जमीन कशाची आहे एवढे पाहिले, की ती बाग लहान मुलांसाठी केली आहे की लहान मुलांच्या नावावर केली आहे, हे बरेचसे कळते.

लहान मुले म्हणजे इथे मी दोन ते सहा वर्षांची मुले धरतो. त्याहून मोठ्यांना क्रिकेटचे मैदान असते, निदान गल्ली तरी असते. त्याहून लहानांना कडेवर जागा असते. मधली ही चार वर्षे मात्र नगररचनेच्या नकाशात कुठेच सापडत नाहीत. या वयाच्या मुलाला एकटे पाठवता येत नाही, लांब चालवत नेता येत नाही, आणि घरात तर मुळीच बसवता येत नाही!

मुलांसाठी शहराने मुद्दाम जागा राखावी ही कल्पना फार जुनी नाही, आणि तिची सुरुवात पाळण्यांनी नव्हे तर वाळूने झाली. बर्लिनच्या सार्वजनिक बागांत मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले असत. ते पाहिलेल्या डॉ. मारी झाक्रझेव्स्का या स्त्री-डॉक्टरने ही गोष्ट अमेरिकेतील बोस्टन शहरात कळवली, आणि १८८५-८६ च्या सुमारास तिथल्या गरीब वस्तीत वाळूची पहिली ‘बाग’ झाली. एक वाळूचा ढीग, काही फावडी, लक्ष ठेवायला एक बाई, बस्स, एवढेच. आपल्याकडे याच्याशी नाते सांगणारा विचार निघाला तो बालशिक्षणातून. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, असा उलटा मार्ग धरला. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी झाला आहे, पण त्यातले ‘अंगण’ मूळचे खरेखुरे अंगण होते. घराला अंगण होते तोवर बागेची एवढी निकड नव्हती, हेही ओघानेच आले.

आपल्या भागातील नावाजलेल्या बागा आठवून पाहा. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली कमाटी बाग, पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून धावणारी फुलराणी, मुंबईचा म्हातारीचा बूट. फुलराणीत न बसलेला पुणेकर विरळाच. पण या साऱ्या सहलीच्या बागा आहेत. तिथे मूल वर्षातून एक-दोनदा जाते, नवे कपडे घालून जाते, आणि आठवण म्हणून फोटो काढून परत येते. रोज संध्याकाळी सहा वाजता, जेवणाआधीच्या चिडचिडीच्या वेळी, चपला अडकवून जिथे नेता येईल ती बाग वेगळी. माझ्या मते शहराची परीक्षा त्या दुसऱ्या बागेत होते.

या दुसऱ्या प्रकारच्या बागांचा सर्वांत मोठा प्रयोग हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम शहरात झाला. महायुद्ध संपले होते, शहरात घरांची टंचाई होती, आणि पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा ठिकठिकाणी उघड्या होत्या. त्यांत छळछावण्यांत नेलेल्या ज्यू कुटुंबांच्या ओसाड घरांच्याही जागा होत्या. नगरपालिकेच्या नियोजन खात्यात याकोबा मुल्डर नावाची एक वास्तुशिल्पी होती. तिच्या पुढाकाराने १९४७ मध्ये बेर्टेलमानप्लेन या चौकात मुलांसाठी एक लहानशी खेळाची जागा झाली. आराखडा केला आल्डो व्हान आईक या तरुणाने. त्याने तेव्हा तिशीही गाठली नव्हती. पुढे तो जगभर नावाजलेला वास्तुविशारद झाला, पण त्याचे हे पहिलेवहिले काम पाहिले तर त्यात दाखवण्यासारखे काहीच नाही. रुंद काठाचा वाळूचा हौद, उडी मारायला काही गोल दगडी ठोकळे, लोंबकळायला लोखंडी दांड्या, बाके आणि झाडे.

मग गंमत झाली. आजूबाजूच्या लोकांनी नगरपालिकेला पत्रे लिहायला सुरुवात केली : आमच्या रस्त्यावरही अमुक एक जागा रिकामी पडली आहे, आमच्या मुलांना अशी बाग का नाही? आणि नगरपालिकेने ती पत्रे फायलीत न पुरता (हे वाक्य आपल्याला परीकथेतले वाटेल) एकेक जागा करायला घेतली. १९७८ पर्यंत व्हान आईकने अशा सातशेहून अधिक जागा आखल्या. काही तर दोन घरांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बसवलेल्या. त्यांपैकी फारच थोड्या आज मूळ रूपात उरल्या आहेत, पण एक पिढीच्या पिढी त्यांत वाढली.

हौदाचा तो रुंद काठ मला फार महत्त्वाचा वाटतो. मूल वाळूत बसले की तोच काठ त्याचे टेबल होतो, त्यावर वाळूच्या पुऱ्या लाटल्या जातात. चालायला शिकणारे मूल त्याला धरून उभे राहते. आई त्यावर बसते, आणि मुलाच्या हाताच्या अंतरावर बसते. एकाच काँक्रीटच्या कड्याने तीन कामे केली. व्हान आईकची खेळणी साध्या भूमितीची होती : वर्तुळ, कमान, दांडी. कमान आज गुहा, उद्या दुकान. आपल्याकडच्या सोंडेतून घसरायच्या हत्तीचे मात्र तसे नाही. तो पहिल्या दिवशी हत्ती असतो आणि दहाव्या दिवशीही हत्तीच असतो. एक गोष्ट मात्र आपल्याला उचलता येणार नाही. त्यांतल्या पुष्कळ जागांना कुंपण नव्हते. आपल्या रस्त्यांवरची वाहने आणि वाहनचालक पाहता कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक हवेच.

आता जमिनीकडे येतो. मूल दीड मीटर उंचीवरून पडले तर खाली येताना त्याचा वेग ताशी जवळजवळ वीस किलोमीटर होतो. हा वेग किती अंतरात शून्य होतो यावर इजा ठरते. ढोबळ हिशेब सोपा आहे : पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, गुरुत्वाकर्षणाच्या किती पट मंदन शरीराला सोसावे लागते ते सरासरीने मिळते. सैल वाळूत पाच सेंटिमीटर रुतले तर तीस पट. फरशीवर पाच मिलिमीटरच मिळाले असे समजू, तर तीनशे पट. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे गणित येते, पण बागेचे कंत्राट काढताना ते कुणी केलेले दिसत नाही. वाळू टाकून भागत नाही हेही खरे. तुडवून ती घट्ट होते, म्हणून अधूनमधून दाताळ्याने उकरावी लागते. बेळगावसारख्या चार महिने पाऊस खाणाऱ्या गावात खाली खडीचा थर आणि पाणी काढून देणारी नळी नसेल तर जुलैत हौदाचे डबके होते. रात्री वर ताडपत्री घातली नाही, तर सकाळी कुत्री-मांजरे तिचा उपयोग करतात.

दुसरी गोष्ट फटींची. कठड्याच्या दोन गजांमधली फट साडेतीन इंचांहून कमी तरी असावी, नाहीतर नऊ इंचांहून जास्त तरी, असे अमेरिकेतील सुरक्षिततेचे संकेत सांगतात. कारण असे की लहान मुलाचे धड त्याच्या डोक्यापेक्षा सहज निसटते. मूल पाय आधी घालून फटीतून सरकते, अंग बाहेर पडते आणि डोके अडकते. आपल्या बागांत नेमक्या पाच-सहा इंचांच्या फटी सर्रास दिसतात.

तिसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मूल घाबरते म्हणून आपण त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून घसरतो. हेच धोक्याचे आहे. मुलाचे बूट कडेला किंवा पत्र्याला अडकले तर एकटे मूल तिथेच थांबते. पण मांडीवरच्या मुलाचा पाय अडकला तरी मागून मोठ्या माणसाचे वजन येतच राहते, आणि पायाचे हाड मोडते. मूल एकटे घसरण्याइतके धीट नसेल तर त्याला लहान घसरगुंडी हवी. मोठ्या घसरगुंडीला मोठे माणूस जोडणे हा त्यावर उपाय नव्हे. शिवाय पत्र्याची घसरगुंडी झाडाच्या सावलीत, निदान उत्तरेकडे तोंड करून हवी. एप्रिलच्या उन्हात तापलेला पत्रा काही सेकंदांत भाजतो.

घसरगुंडीला आमचे कन्नड विभागातले मित्र ‘जारुबंडे’ म्हणतात. ‘जारु’ म्हणजे घसरणे आणि ‘बंडे’ म्हणजे खडक. पत्र्याच्या आधी टेकडीवरचा गुळगुळीत कातळच होता, हे त्या शब्दाने अजून जपून ठेवले आहे. आमच्या वसाहतीच्या बागेत वाळूचा हौद नाही, पण बांधकामाची उरलेली वाळू एका कोपऱ्यात पडून होती. तिच्यावर बसलेल्या दोन मुलांपैकी एक ‘माझं’ म्हणत होता आणि दुसरा ‘नंदु’. दोघांनाही दुसऱ्याचा दावा पूर्णपणे समजलेला होता!

त्याच बागेत यंदाच्या वैशाखात आठवडाभर मी संध्याकाळी साडेपाच ते सात बसून राहिलो. लहान मुलांबरोबर आलेल्या मोठ्यांत बहुतेक आज्या आणि आया. बागेतली सगळी बाके कारंज्याभोवती, आणि कारंजे कोरडे. खेळण्यांकडे तोंड असलेले बाक एकही नाही. म्हणून गुडघे धरलेल्या आज्या फुलझाडांच्या वाफ्याच्या कडेवर बसतात, आणि माळी येऊन त्यांना उठवतो. पिण्याचे पाणी नाही, शौचालयाला कुलूप. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत शौचालयाला कुलूप म्हणजे बागेलाच कुलूप. मोठ्यांच्या व्यायामाची लोखंडी यंत्रे अलीकडे खेळण्यांना लागूनच बसवली आहेत. त्यांच्या हलत्या सांध्यांत लहान बोटे किती सहज जातात हे तिथे पाच मिनिटे बसणाऱ्यालाही दिसेल. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरणारी मोठी माणसे पाहिली की वाटते, सावली या गावात पुष्कळ आहे, ती फक्त उंचीने वाटली गेली आहे.

यावर ‘जागाच नाही’ असे उत्तर येते. जागा पुष्कळदा नकाशावर असते. वसाहत मंजूर होताना उद्यानासाठी तुकडा राखावा लागतो. मग तो तसाच पडतो, आणि पडलेल्या जागेवर कुणाचे तरी लक्ष जाते. बंगळूरच्या राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. रुग्णालयही उपयोगाचेच, पण उद्यानाची जागा सर्वांची असते आणि खाजगी रुग्णालय तिची भरपाई करू शकत नाही, असे न्यायालयाने मानले. कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांच्या जतनासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदाही आहे. आपल्या वसाहतीचा मंजूर आराखडा माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागता येतो. त्यावर हिरव्या रंगाचा चौकोन कुठे आहे ते पाहावे, आणि मग पायी जाऊन त्या चौकोनावर आज काय उभे आहे ते पाहावे.

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांपुढे मी या वर्षी एक काम ठेवले आहे. झाडे लावण्याचे फोटो पुष्कळ झाले. आता मोजपट्टी, वही आणि साडेतीन इंचांचा एक लाकडी ठोकळा घेऊन गावातल्या प्रत्येक बागेत जायचे. ठोकळा फटीतून गेला, तर नऊ इंचांचा दुसरा ठोकळा लावून पाहायचा. तो न गेला, तर त्या खेळण्यापुढे फुली. घसरगुंडीखाली जमीन कशाची, खेळण्यांकडे तोंड केलेली बाके किती, शौचालय उघडे की बंद, फाटक कितीला उघडते. एका बागेला वीस मिनिटे पुरतात. यादी दोन्ही भाषांत करायची आहे, कारण ती महानगरपालिकेलाही द्यायची आहे आणि आज्यांनाही वाचून दाखवायची आहे. ठोकळे सुताराकडे टाकले आहेत.