विश्लेषण : ‘फर्स्ट कॉपी’ इअरबड्सचा सौदा खरेच स्वस्त?

नामांकित कंपन्यांच्या वायरलेस इअरबड्सच्या हुबेहूब नकला रस्त्यावरच्या पथारीपासून समाजमाध्यमांवरील जाहिरातींपर्यंत सर्वत्र विकल्या जात आहेत. फोनशी जोडणी होते, गाणीही ऐकू येतात आणि किंमत मूळ वस्तूच्या तुलनेत नगण्य असते. मग अडचण कुठे आहे? बॅटरीची सुरक्षितता, कानांचे आरोग्य, हमी आणि कायदा अशा चारही अंगांनी हा व्यवहार तपासण्याजोगा आहे.

नकलांची बाजारपेठ का फोफावली?

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून इअरफोनचे ३.५ मिमीचे छिद्र काढून टाकले आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स सादर केले. पुढे अनेक अँड्रॉइड फोनमधूनही हे छिद्र गेले. वायरलेस इअरबड्सची मागणी वाढली, पण वरच्या श्रेणीतील किमती अनेकांच्या आवाक्याबाहेरच राहिल्या. भारतात २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्स प्रोची किंमत २६,९०० रुपये होती. त्यांच्यासारखी दिसणारी जोडी बाजारात हजार-दीड हजारात, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळते.

हे शक्य होते ते तयार सुट्या भागांमुळे. ब्लूटूथ चिप, बॅटरी, प्लॅस्टिकचे साचे, अगदी खोकीसुद्धा तयार मिळतात. चीनमधील शेनझेन शहराचा हुआचियांगबेई हा भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी जगभर ओळखला जातो. एअरपॉड्सच्या नकलांशीही त्याचे नाव जोडले गेले आहे. आपल्याकडे अशा मालाला ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘ओईएम’ अशी भारदस्त नावे दिली जातात. त्यांपैकी एकही नाव दर्जाचे प्रमाणपत्र नाही.

स्वस्त आणि बनावट यांत फरक काय?

स्वस्त इअरफोन म्हणजे बनावट इअरफोन नव्हे. हजार रुपयांच्या आसपास, वर्षभराच्या हमीसह विकले जाणारे अनेक ब्रँड भारतात आहेत. त्यांच्या खोक्यावर कंपनीचे नाव-पत्ता असतो, बिल मिळते, बिघाड झाल्यास कुणाला तरी जाब विचारता येतो. दुसरा प्रकार केवळ सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचा. त्यांच्यावर वेगळे नाव असते किंवा नावच नसते. तिसरा प्रकार उघड बनावटीचा. यात दुसऱ्या कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि अनुक्रमांकही छापलेला असतो.

दुसऱ्या प्रकाराची सीमारेषा किती धूसर आहे, याचे उदाहरण २०२० मध्ये अमेरिकेत दिसले. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर सीमाशुल्क विभागाने ‘बनावट एअरपॉड्स’ म्हणून २,००० इअरबड्स जप्त केले. प्रत्यक्षात ते वनप्लस कंपनीचे अस्सल ‘वनप्लस बड्स’ होते आणि खोक्यावर तसे नावही होते. मात्र इअरबड्सच्या आकारावरही ॲपलचा हक्क नोंदलेला असल्याचा मुद्दा विभागाने पुढे केला. भारतीय व्यापारचिन्ह कायद्यातही ‘चिन्हा’च्या व्याख्येत वस्तूच्या आकाराचा समावेश आहे. त्यामुळे नाव छापलेले नाही म्हणजे सारे कायदेशीर, असे गृहीत धरता येत नाही.

नकलेच्या आत नेमके काय असते?

ल्युमाफिल्ड या अमेरिकी कंपनीने अस्सल आणि बनावट एअरपॉड्स प्रोचे सीटी स्कॅन करून त्यांची तुलना प्रसिद्ध केली. अस्सल इअरबडमध्ये बटणाच्या आकाराचा सेल आणि दाटीने बसवलेले लवचीक सर्किट होते. नकलेत पाकिटासारखी बॅटरी आणि वायरींनी जोडलेले साधे भाग आढळले. हातात घेतल्यावर वस्तू हलकी वाटू नये, म्हणून धातूचे तुकडे बसवण्याची युक्तीही स्कॅनमध्ये दिसली. म्हणजे ग्राहकाला लगेच जाणवणाऱ्या वजनावर खर्च झाला, न दिसणाऱ्या भागांवर नाही.

फोनच्या पडद्यावरही अशीच फसगत होते. आयफोनजवळ डबी उघडताच जोडणीची खिडकी उमटते, म्हणजे माल अस्सल, असा समज आहे. परंतु ही खिडकी ज्या ब्लूटूथ संदेशामुळे उमटते, त्याचीही नक्कल होते. म्हणूनच २०२२ मधील आयओएस १६ पासून ‘हे एअरपॉड्स अस्सल असल्याची पडताळणी झाली नाही’ अशा आशयाची सूचना दिली जाऊ लागली. अनुक्रमांकाची पडताळणीही पुरेशी नाही, कारण एकच खरा क्रमांक अनेक नकलांवर छापला जातो.

वायरवाल्या नकलांमध्ये आणखी एक गंमत आढळते. आयफोनच्या लायटनिंग छिद्रात बसणारे काही स्वस्त इअरफोन ब्लूटूथ सुरू केल्याशिवाय चालतच नाहीत. वायरमधून फक्त वीज घेतली जाते, आवाज मात्र ब्लूटूथने येतो.

बॅटरीचा प्रश्न किती गंभीर?

इअरबडमधील लिथियम-आयन सेल लहान असतो. डबीतील बॅटरी त्याहून बरीच मोठी. या बॅटरीला अतिचार्जिंग आणि शॉर्टसर्किटपासून वाचवणारे संरक्षक सर्किट लागते. खर्च कपातीत या सर्किटचा दर्जा घसरला किंवा सेल निकृष्ट असला, तर बॅटरी फुगणे, तापणे किंवा पेट घेणे असे धोके वाढतात. ही वस्तू कानात घातली जाते आणि डबी अनेकदा उशाशी चार्जिंगला लावलेली असते, हे येथे महत्त्वाचे.

यासाठीच वायरलेस हेडफोन व इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली आणले गेले आहेत. नोंदणीकृत वस्तूवर किंवा खोक्यावर मानक चिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकल्यास उत्पादकाचे नाव आणि नोंदणीची स्थिती कळते.

कानांना धोका कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित कालावधी निम्मा होतो.

धोका केवळ मोठ्या आवाजाच्या क्षमतेतून येत नाही. कानात नीट न बसणारे इअरबड्स बाहेरचा गोंगाट अडवत नाहीत. ‘नॉइज कॅन्सलेशन’ खोक्यावर छापलेले असले, तरी आत त्यासाठी लागणारे मायक्रोफोन आणि प्रक्रिया नसेल तर उपयोग शून्य. मग लोकलमध्ये किंवा एसटीत आवाज वाढवत नेला जातो आणि तो तासन् तास तसाच राहतो. फोनमधील आवाजाची नोंद ठेवणारी सुविधाही अशा वेळी मर्यादित ठरते. अनोळखी इअरफोनमधून प्रत्यक्ष किती डेसिबल बाहेर पडतात, याचा फोनला केवळ अंदाज बांधता येतो.

माहितीच्या सुरक्षिततेचे काय?

जून २०२५ मध्ये संशोधकांनी ऐरोहा कंपनीच्या ब्लूटूथ चिपमधील त्रुटी उघड केल्या. अनेक नामांकित ब्रँडच्या हेडफोनमध्ये या चिप होत्या. ब्लूटूथच्या टप्प्यात असलेल्या हल्लेखोराला काही परिस्थितींत संभाषण ऐकण्यापर्यंत मजल मारता येईल, असे त्यांनी दाखवले. यावर उपाय होता सॉफ्टवेअर अपडेटचा. म्हणजे त्रुटी अस्सल मालातही सापडतात. फरक असा, की त्या दुरुस्त करणारे कुणीतरी असते. बनावट मालाला असा पालकच नसतो.

कायदा काय सांगतो?

व्यापारचिन्ह कायदा १९९९ च्या कलम १०३ व १०४ नुसार खोटे चिन्ह वापरणे आणि असा माल विकणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ही कलमे बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर रोखलेली आहेत, स्वतःच्या वापरासाठी खरेदी करणाऱ्यावर नाहीत. बनावट वस्तूंची विक्री ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसारही दंडनीय आहे.

ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली ही माहिती देणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. मात्र या सगळ्यासाठी खरेदीचा पुरावा हवा, आणि पथारीवरच्या मालाला बिल क्वचितच मिळते.

खरेदी करताना काय पाहावे?

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा तपशील आहे का, हे आधी पाहावे. नोंदणी क्रमांक ॲपवर तपासावा. ऑनलाइन खरेदीत ब्रँडच्या नावाइतकेच विक्रेत्याचे नावही वाचावे, पार्सल उघडतानाचे चित्रीकरण ठेवावे. महागड्या ब्रँडची नवी जोडी पाचशे-हजारात मिळत असेल, तर ती सवलत नसून नक्कल असण्याची शक्यताच अधिक. तेवढ्याच पैशांत साधा, पण हमी आणि बिलासह मिळणारा इअरफोन येतो. बजेट त्याहून कमी असेल आणि फोनमध्ये ३.५ मिमीचे छिद्र असेल, तर ओळखीच्या ब्रँडचा वायरचा इअरफोन हा उत्तम पर्याय. त्यात बॅटरीच नसल्याने एक धोका मुळातच कमी होतो.