वाटाण्याचे रोप आणि मुलांचे डोळे

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक चिमुकला चित्रपट तयार केला होता. रोज थोडी थोडी छायाचित्रे घेऊन ती सलग चालविली, तेव्हा कित्येक दिवसांची वाढ क्षणार्धात डोळ्यांदेखत घडताना दिसली. आणि ती पाहून भांडवल पुरवू शकणाऱ्या मंडळींचा या नव्या विद्येवर विश्वास बसावा, हाच त्या प्रयोगामागील हेतू होता. म्हणजे आपल्या चित्रपटकलेच्या उंबरठ्यावरच पडद्यावरील प्रतिमा मन वळविण्याच्या कामी योजिली गेली. नाशिकच्या मुलांना दूरचित्रवाणीवरील जाहिरात पारखावयास शिकवायचे असेल, तर त्या शिक्षणाचा श्रीगणेशा या रोपापासून करावा, असे मला मनापासून वाटते.

कारण पहिला आणि सर्वांत दृढमूल गैरसमज असा की, कॅमेऱ्यासमोर जे असते तेच पडद्यावर दिसते. वस्तुतः रोप खरेच वाढले होते, खोटे असे त्यात काहीच नव्हते. केवळ काळ आकुंचित केला होता. फाळके पुढे आपला कारखाना घेऊन नाशिकास आले, आणि त्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. ही हकीकत दहा वर्षांच्या मुलाला सांगून पाहावी. पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कोणीतरी निवडलेली, सजविलेली, जोडलेली असते, हे तत्त्व त्याला कोणत्याही उपदेशाविना उमगते. कलेत ही किमया आनंद देते, व्यापारात मात्र तिला मर्यादा हवी. दाढीच्या साबणाने खरकागदसुद्धा भादरता येतो असे दाखविणाऱ्या एका अमेरिकन जाहिरातीत प्रत्यक्षात पारदर्शक प्लॅस्टिकच्या तक्त्यावर वाळू पसरलेली होती. हा प्रकार फसवणुकीचाच आहे, असा निर्वाळा त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली दिला.

दुसरा गैरसमज सुशिक्षित घरांतून अधिक आढळतो. ‘आमच्या मुलीला सगळे कळते, जाहिरात लागली की ती लगेच ओळखते,’ असे आईवडील कौतुकाने सांगतात. पण मालिका संपून जाहिरात सुरू झाली हे ओळखणे निराळे, आणि ही जाहिरात आपल्याकडून काहीतरी घडवून आणण्यासाठी पैसे खर्चून केलेली आहे हे जाणणे निराळे. पहिली ओळख पाच वर्षांच्या सुमारास येते. दुसरी जाण सामान्यतः सात-आठ वर्षांपूर्वी येत नाही, असे बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांना दिसून आले आहे. तोवर मूल जाहिरातीला माहिती समजते, किंबहुना एखाद्या प्रेमळ मामाने सांगितलेली गोष्ट समजते. आणि ही जाण आल्यावरही काम संपत नाही. कारण आवडते गाणे, आवडता खेळाडू, धावती चित्रे यांच्या ओघात तिचा वापर करण्याचे भान मोठ्यांनाही राहत नाही, मग बालकांची कथा काय?

‘सरकारने तपासल्याशिवाय का दाखवतात?’ हा प्रश्न अनेकदा कानी येतो. बहुतेक जाहिराती प्रसारणापूर्वी कोणत्याही सरकारी दप्तरात मंजुरीसाठी जात नाहीत. १९८५ साली स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरात व्यवसायानेच उभारलेली संस्था असून ती मुख्यतः प्रसारणानंतर दखल घेते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पुरेशा शास्त्रीय आधारावाचून अमुक पेयाने बुद्धी वा शारीरिक क्षमता वाढते असा दावा मुलांना उद्देशून करण्यास त्यांत मनाई आहे. वेफर्स, शीतपेये आदींच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत वा केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर दाखवू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. आणि दिशाभूल सिद्ध झाल्यास कायद्याने दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, परंतु तिचा अंमल तक्रारीवाचून क्वचितच होतो, आणि क्रिकेटचा सामना तर घरातील मुले मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून पाहतात, तो काही ‘मुलांचा कार्यक्रम’ म्हणून गणला जात नाही.

संच बंद ठेवणे हा उपाय मला अपुरा वाटतो. शेजारचा संच आणि खिशातला फोन कोण बंद करणार? त्यापेक्षा मुलांच्या शेजारी बसावे. एकदा आवाज बंद करून तीच जाहिरात पाहावी, एकदा डोळे मिटून नुसती ऐकावी. संगीताने किती काम केले ते तत्काळ ध्यानात येते. तळाशी धावणारी बारीक अक्षरे मुलाला मोठ्याने वाचावयास सांगावीत. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत असावा, हाही त्या तत्त्वांतील नियम आहे. मग विचारावे: वस्तूविषयी यात किती सांगितले, आणि हसऱ्या कुटुंबाविषयी किती? ‘सगळ्यांकडे आहे’ हे ‘सगळे’ कोण? ‘नवीन’ म्हणजे नेमके काय बदलले? हंगामात द्राक्षांच्या हातगाडीवर टपोरे घड दर्शनी बाजूस मांडलेले असतात, आणि खालचा थर पाहिल्यावाचून आपली माणसे भाव करीत नाहीत. ही बाजारातली जाण आमच्या मुलांपाशी आहेच, तिला दिवाणखान्यात आणणे एवढेच आपले काम. याने मुले संशयखोर होतील ही भीती निराधार आहे: घड उलटून पाहणारा मनुष्य द्राक्षे खाणे सोडीत नाही.

आणि एखाद्या जाहिरातीतील दावा खोटा आहे असे मुलाच्या ध्यानी आले, तर त्याला शाबासकी देऊन थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर त्याच्यासमक्ष तक्रार नोंदवा.