चकतीच्या ब्रेकची घरगुती दुरुस्ती

नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारी घाटाची वाट सुमारें १० किलोमीटरांची आहे. चढतांना छातीची परीक्षा होते. उतरतांना सारी भिस्त ब्रेकवर असते. नाशकांत सायकलीचा छंद आतां चांगलाच रुजला आहे. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली, हें वाचकांस ठाऊक असेलच. अशा शर्यतींत पाठीशीं मदतनिसांची गाडी असते. रविवारीं गडावर निघालेल्या विद्यार्थ्याचा मदतनीस तो स्वतःच. म्हणून ब्रेकचे पॅड बदलण्याचें काम त्यास घरीं करतां यावें, असें आम्हांस वाटतें.

डोंगरी सायकलीच्या चाकाच्या मध्याशीं पोलादी चकती असते. कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोहों बाजूंनीं दाबतात आणि गतीची उष्णता होते. पावसाळ्यांत त्र्यंबकच्या वाटेवरील चिखल आंत शिरला, कीं पॅड सहाणेवर घासल्याप्रमाणें झिजतात. घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या खालीं जाऊं लागला, कीं नवे आणावे. चकतीहि पाहावी; पुष्कळ चकत्या नव्या असतांना १.८ मिलिमीटर जाड असतात व १.५ पर्यंत झिजल्या म्हणजे बाद होतात. पॅड राळेचे व धातूचे असे दोन जातींचे मिळतात. कांहीं चकत्यांना राळेचेच चालतात. तें चकतीवर लिहिलेलें असतें.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची रीत अशी. चाक काढावें व त्यानंतर लिव्हर मुळींच दाबूं नये, नाहींतर दट्टे बाहेर येतात. जुने पॅड जागेवर असतांनाच टायर काढण्याच्या प्लास्टिकच्या पट्टीनें दट्टे मागें सारावे. मग खीळ काढून, मध्यें स्प्रिंग ठेवून, नवे पॅड बसवावे. चाक चढवून कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करावे, लिव्हर दाबून धरावा व बोल्ट आळीपाळीनें आवळावे. चाक मोकळें फिरलें पाहिजे.

खरा घात तेलाच्या बोटानें होतो. ब्रेक कुरकुरतो म्हणून त्यावर साखळीचें तेल सोडणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत! पॅड तें तेल शोषून घेतो. मग ब्रेक आवाज करतो, पण थांबवीत नाहीं. असा पॅड बहुधा टाकूनच द्यावा लागतो. चकती आयसोप्रोपाइल अल्कोहोलनें स्वच्छ कापडावर पुसावी व पुढें बोट लावूं नये.

नवा पॅड लगेच घाटांत नेऊं नये. गंगापूर धरणाकडील एखाद्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशीं २० किलोमीटरांच्या वेगानें जाऊन, चाक न अडवितां, चालण्याच्या गतीपर्यंत हळूहळू दाबावें. असें वीसेक वेळां करावें. त्यानें पॅडचा पातळ लेप चकतीवर सारखा बसतो व मगच पकड येते.

ब्रेकमधील तेल कांहीं कंपन्यांचें खनिज, तर कांहींचें डॉट जातीचें असतें. एकाच्या जागीं दुसरें घातल्यास आंतील रबरी कडीं खराब होतात. तें काम मात्र आम्ही अद्यापि दुकानांतच करवितों.